हलतात सगळे, जेवतंय कोण?

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी अंगाचा, साडेसहा किलो वजनाचा आणि एकाच डोळ्याचा. माझ्या मानेवरचा काळा रंग तीन ठिकाणी उडाला आहे. फोकसचे मोठे चाक उजवीकडे फिरवले की जरा अडखळते. ही उणीदुणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची हकीकत ऐकताना म्हातारा बढाया मारतो आहे असे तुम्हाला वाटायला नको. मला जे दिसते तेवढेच मी दाखवतो. पदरचे घालण्याची सोय मला बनवणाऱ्यांनी ठेवलेलीच नाही.

मला तिघांनी बनवले. एकाने पितळ ओतले, एकाने चाकांचे दाते कातले आणि तिसऱ्याने भिंगे घासली. हा तिसरा माणूस दिवसभर कोणाशी बोलत नसे. काच घासायची, पुसायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा घासायची. माझे सर्वांत लहान भिंग मसुराच्या दाण्याएवढे आहे. त्या एका दाण्यापायी त्याचे अकरा दिवस गेले. मी पुरा झालो तेव्हा त्याने वर्तमानपत्राचा चिटोरा फाडून माझ्याखाली ठेवला आणि डोळा लावला. चिटोऱ्यावर नेमका एक पूर्णविराम होता. माझ्यातून तो डांबर भरलेल्या खड्ड्यासारखा दिसत होता, कडा फाटलेल्या, आत कागदाचे दोर लोंबत असलेले. त्याने बराच वेळ पाहिले. मग "हं, जमलं," एवढेच म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

पहिली काही वर्षे मी एका महाविद्यालयात होतो. तिथे मुले माझ्यातून कांद्याचा पापुद्रा पाहत आणि बहुतेक जण स्वतःच्या पापण्यांचे केस पाहून "दिसलं, दिसलं" म्हणत. तिथून मला इथे आणले. हे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तुमच्या मोरीतून, बेसिनमधून, संडासातून जे पाणी जाते ते जमिनीखालच्या नळांनी इथे येते. जाळीतून गाळले जाते, थोडे निवळते आणि मग दोन मोठ्या टाक्यांत जाते. एक पूर्वेची, एक पश्चिमेची, आणि दोघींकडे शहरातून येणारे मुख्य नळ वेगळे. तळातून हवा सोडलेली असते, त्यामुळे टाक्या दिवसभर खदखदतात. आत तपकिरी गाळ असतो. लोक नाक धरतात, पण तो गाळ जिवंत असतो. त्यात कोट्यवधी जिवाणू असतात, ते पाण्यातली घाण खातात. त्या जिवाणूंना खाणारे, एकाच पेशीचे पण जिवाणूंहून कितीतरी मोठे जीवही असतात. त्यांतले सर्वांत देखणे असतात घंटीसारखे. लांब देठावर उलटी घंटी, तिच्या काठाला केसांची झालर, आणि जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घंटी टुणकन खाली. प्रयोगशाळेत सगळे त्यांना घंट्याच म्हणत.

त्या वेळच्या रसायनतज्ज्ञ आजोबांचा दिवस माझ्यापासून सुरू होई. रोज सकाळी एक थेंब, अर्धा तास. "आज मंडळी खुशीत आहेत," असे ते म्हणाले की केंद्रातले सगळे निश्चिंत. ते निवृत्त झाले आणि मीटर आले. टाकीत दांडी बुडवली की भिंतीवर हिरवे आकडे उमटायचे. केंद्राचे नवे प्रमुख आकड्यांचे फार प्रेमी. माणसे त्यांना पाठीमागे मीटरसाहेब म्हणत. वाईट माणूस नव्हता. चहा किती गरम आहे हेही मोजल्याशिवाय पटायचे नाही, एवढेच. त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवायला सांगितले. कोणी टाकून द्या म्हटले नाही, कोणी काढा म्हटले नाही. आठ वर्षे मी जुन्या नोंदवह्यांखाली होतो. त्या ओलसर काळोखात माझ्या भिंगाच्या कडेवर बुरशीचा एक धागा वाढला.

मला बाहेर काढले ते ताईने. ताई म्हणजे नवी रसायनतज्ज्ञ. केंद्रात येऊन तिला दोन महिने झाले होते आणि नोकरी अजून कच्ची होती. कपाटात चाचणीच्या बाटल्या शोधताना तिचा हात माझ्या मानेला लागला. "अगंबाई!" ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी मला उचलले. स्पिरिट, मऊ कागद, काडीला गुंडाळलेला कापूस. दुपारभर ती मला पुसत होती. बुरशीचा धागा तेवढा निघाला नाही.

पहिला थेंब पाहायला पंपवाले काका आले. केंद्रातला सर्वांत जुना माणूस. झडपा, पंप, हवा सोडणारे ब्लोअर सगळे त्यांच्या हाताखालचे. त्यांनी डोळा लावला आणि लगेच मागे घेतला.

"पोरी, हे काय गं? एवढ्याशा जिवाला तोंड?"

"तोंड आहे काका. पोट मात्र नाही."

"मग खातो ते जातं कुठं?"

"पोट लागेल तेव्हा करून घेते ती."

काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की पोरगी शिकलेली आहे, पण उन्हात जास्त फिरलेली दिसते. ताईने खणातून एक रबरी फुगा काढला, अर्धा फुगवला आणि त्यावर बोट दाबले. बोट आत गेले. रबर बोटाभोवती गुंडाळले गेले.

"फुगा फुटला?"

"नाही."

"बोट आत आहे की बाहेर?"

"आत... नाही, बाहेरच. थांब, दोन्ही."

"आता समजा, या रबराच्या खिशाचं तोंड मिटलं आणि खिसा सुटून आत पडला."

"फुगा फाटणार."

"फुगा फाटेल. हिचं कातडं फाटत नाही! हीच तर गंमत आहे काका. खिसा सुटतो, मागचं कातडं जिथल्या तिथे जुळतं. लहानसहान गोष्टींना पेशीच्या कातड्यात बारीक दारं असतात. साखरेचा कण, मिठाचा कण, खुशाल आत जातो. पण अख्खा जिवाणू कुठल्या दारातून जाणार? मग कातडंच वाकतं, त्याला कवेत घेतं, आणि पिशवी करून आत ओढतं."

काकांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ लावला.

"म्हणजे पाहुणा घरात आला," ते हळूच म्हणाले, "पण अजून उंबऱ्यातच गुंडाळलेला."

"अगदी! मग त्या पिशवीत आम्ल सोडायचं, पचवायचं, कामाचं तेवढं शोषून घ्यायचं. आणि उरलेला चोथा?"

"तो कुठं टाकते?"

"पिशवी परत कातड्याला जाऊन चिकटते, तिथे उघडते, चोथा बाहेर. पिशवी पुन्हा कातड्यात जमा. पुस्तकात पहिल्याला पेशीय भक्षण म्हणतात, दुसऱ्याला पेशी उत्सर्जन."

"पुस्तकवाल्यांना साधं जेवण अवघड करून सांगायची खोडच असते," काका म्हणाले, पण डोळा काही काढला नाही.

मित्रांनो, इथे मला एक कबुली दिली पाहिजे. ते कातडे, म्हणजे पेशीपटल, मला दिसत नाही. ते माझ्या ताकदीपलीकडचे पातळ असते. मला दिसते ती पिशवी. पण पिशवी दिसली की पटलाने काय केले ते कळते. दार न दिसताही पाहुणा घरात दिसला की दार उघडले होते हे कळते, तसेच.

आता तो मंगळवार सांगतो.

सकाळी साडेनऊला मीटरसाहेब हसत प्रयोगशाळेत आले. हे नवलच होते. पूर्व टाकीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास असे. त्या सकाळी भिंतीवर आकडा होता पाच पूर्णांक आठ.

"बघा, ताई. आठ वर्षांत असा आकडा नाही. याला म्हणतात टाकी!" त्यांनी हातावर हात चोळले. "पश्चिमेचे हवेचे नळ कधीपासून बदलायचे आहेत. टाकी रिकामी करायला पूर्वेचा भरवसा वाटत नव्हता. आता काय? बाराला पश्चिमेचं पाणी बंद, सगळं पूर्वेला सोडायचं. उपसायचे पंपही लगेच लावतो. काकांना सांगितलंय."

ताईचा चेहरा त्या आकड्याने खुलला नाही. ती खाली गेली, दोन्ही टाक्यांतून एकेक बाटली भरून आणली आणि पूर्वेचा थेंब माझ्याखाली ठेवला.

घंट्या होत्या. देठ टुणटुणत होते. झालरी भिरभिरत होत्या.

"हलताहेत ना?" साहेबांनी दारातूनच विचारले.

"हलताहेत."

"मग झालं."

ते गेले. ताई पाहत राहिली. मी चारशेपट मोठे करून दाखवत होतो, आणि माझ्याकडे बोलायला तोंड असते तर ओरडलो असतो, कारण मला जे दिसत होते ते तिलाही दिसेल का याची मला धाकधूक होती. तिला दिसले. एरवी घंटीच्या अंगात तपकिरी ठिपक्यांची दाटी असते. गिळलेल्या जिवाणूंच्या पिशव्या त्या. आज घंट्या काचेसारख्या कोऱ्या होत्या. तिने पश्चिमेचा थेंब ठेवला. तिथल्या घंट्या ठिपक्यांनी गच्च होत्या.

काका बाराच्या कामाची किल्ली न्यायला वर आले होते. "बरंच झालं की," ते म्हणाले, "हवा शिल्लक उरतेय."

"शिल्लक उरतेय." ताई स्टुलावर गर्रकन वळली. "काका, घरी भरलेलं पातेलं जसंच्या तसं उरलं तर तुम्ही काय म्हणता?"

"एक तर स्वयंपाक बिघडलाय, नाहीतर खाणारी माणसं आजारी आहेत."

"तेच! टाकीत जेवणारे ऑक्सिजन वापरतात. जेवण थांबलं म्हणून ऑक्सिजन उरतोय. तो आकडा तब्येतीचा नाही, काका. उपाशीपणाचा आहे!"

काका किल्ली हातात धरून उभेच राहिले. "पण हलताहेत तर सगळे."

"हलतात सगळे. जेवतंय कोण?"

"आमचा धाकटा मेहुणा," काका म्हणाले. "दिवसभर नुसता हलतो. फक्त तो जेवतोही."

ताई हसली नाही. ती साहेबांच्या खोलीकडे पळाली. दोन्ही खोल्यांत एकच पातळ भिंत आहे, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"साहेब, माझ्या बहिणीला बाळ झालं तेव्हा हातपाय मस्त हलवत होतं. आम्ही सगळे खूश. नर्स म्हणाली, हातपाय राहू देत, दूध ओढतंय का ते सांगा. ओढत नव्हतं. तिने त्याच घटकेला डॉक्टर बोलावला, म्हणून बाळ वाचलं."

"ताई, मी शहराचं सांडपाणी बघतो, बाळं नाही."

"पूर्व टाकीत काहीतरी विषारी आलंय. बाराला पश्चिमेची टाकी रिकामी केलीत आणि ही मेली, तर शहराकडे एकही जिवंत टाकी उरणार नाही. नवा गाळ वाढायला महिना जाईल. महिनाभर सगळी घाण तशीच्या तशी तळ्यात जाईल, आणि अर्धं शहर त्या तळ्याचं पाणी पितं."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर? नळ बदलणारी माणसं गेटवर उभी आहेत. ती परत गेली की सहा महिने मिळत नाहीत." साहेबांचा आवाज चढला नाही, पण आखडला. "मला आकडा द्या. तुम्हाला वाटतं, याला आकडा नसतो."

"बारापर्यंत देते."

"झडपेचं चाक पावणेबारापासून फिरायला लागतं. सत्तर फेरे आहेत."

दहा वाजून दहा मिनिटे. ताईने यीस्टची पुडी फोडली, पाण्यात कालवली आणि त्यात काँगो रेड नावाच्या रंगाची चिमूट टाकून शेगडीवर उकळायला ठेवली. यीस्टचे दाणे लालभडक झाले. हा रंग मोठा चहाडखोर आहे. साध्या पाण्यात लाल असतो, आम्ल लागले की निळा पडतो. म्हणजे दाणा नुसता गिळला की पचायलाही लागला, हे तो रंग बदलून सांगतो. घाईत मिश्रण उतू गेले, तिचे बोट भाजले. तिने बोट तोंडात घातले आणि दुसऱ्या हाताने भांडे गार पाण्यात धरले.

दहा पन्नासला पहिली काचपट्टी. पश्चिमेची घंटी, लाल दाण्यांचा थेंब, शेजारी घड्याळ. दहा मिनिटांत सहा पिशव्या! दुसरी घंटी, पाच. मग पूर्वेची. पहिली घंटी, शून्य. दुसरी घंटी, दहा मिनिटांत एकच पिशवी, तीही लालची निळी न होता तशीच लाल राहिली. अकरा छत्तीस झाले होते. ताईने कागदावर सहा, पाच, शून्य, एक असे लिहिले आणि तो नेऊन साहेबांसमोर धरला.

"चार जीव?" साहेब म्हणाले. "चार जिवांवरून मी टाकी थांबवू?"

"मग पाचवा तुम्ही निवडा. स्वतः. मी हात लावणार नाही."

साहेब आले. आठ वर्षांनी त्यांचे डोळे माझ्यापाशी येत होते. चष्मा भिंगावर आपटला, त्यांनी तो काढून माझ्या शेजारी ठेवला.

"हा साप कसला?"

"ती भिंगावरची बुरशी आहे, साहेब. आठ वर्षं कपाटात होता हा."

साहेबांनी पुन्हा डोळा लावला. त्यांनी पश्चिमेची एक घंटी निवडली. खाली काका चाकापाशी जाऊन उभे असल्याचे खिडकीतून दिसत होते.

"लाल दाणे गरगरताहेत," साहेब म्हणाले. "झालर त्यांना ओढतेय. तोंडाच्या नरसाळ्यात चाललेत... थांबा. तळाशी काहीतरी फुगतंय. थेंबासारखं. दाणे त्यात पडताहेत. एक, दोन, पाच... अरे! सुटला! ताई, सुटला! आतच पोहायला लागला!"

"एक मोजा."

"आणि वर काही फाटलं नाही! दुसरा फुगायला पण लागला!"

"पहिल्यावरची नजर काढू नका. रंग बघा."

"लाल आहे. लालच आहे. जरा मळका... जांभळा. ताई, जांभळा होतोय. निळा! निळा झाला! कोणी केला?"

"तिनेच. पिशवीत आम्ल सोडलं."

"मग बाकीचं अंग भाजत नाही?"

"पिशवी आहे ना. म्हणूनच तर पिशवी."

मित्रांनो, चार मिनिटांत तीन पिशव्या झाल्या. केंद्राचा प्रमुख माझ्या चाकाला दोन्ही हातांनी धरून वर्गातल्या मुलासारखा "तिसरी, तिसरी" करत होता. माझे अडखळणारे चाकही त्या दिवशी अडखळायचे विसरले. मग ताईने काचपट्टी बदलली. पूर्वेची.

साहेबांनी घंटी निवडली. ताई घड्याळाकडे पाहत होती.

"फिरतेय," साहेब म्हणाले. "झालर फिरतेय. दाणे येताहेत. नरसाळ्यात उतरले. तळाशी आले." थोडे थांबले. "परत गेले."

एक मिनिट.

"पुन्हा आले. पुन्हा परत."

दोन मिनिटे. खालून चाकाचा करकर आवाज येऊ लागला. काकांनी फेरे सुरू केले होते.

दहा मिनिटे. साहेबांचा आवाज अगदी खाली आला. घरात आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसा.

"ही जेवत का नाहीये?"

"ते मला अजून ठाऊक नाही, साहेब. ऑक्सिजन का उरतोय, तेवढं ठाऊक आहे."

साहेबांनी डोके वर केले. भिंतीवर पाच पूर्णांक आठ हिरवेगार चमकत होते. घड्याळात अकरा चोपन्न. त्यांनी फोन उचलला. झडपेच्या खोलीत फोन वाजला, पण काका बाहेर चाकापाशी. साहेबांनी फोन टेबलावर टाकला आणि धावले. हा माणूस कधी जिना दोन पायऱ्यांनी उतरला नव्हता. आज चष्माही माझ्यापाशीच राहिला.

"काका! थांबा! उलटं फिरवा!"

"काय?"

"उलटं! चाक उलटं!"

"साहेब, छत्तीस झालेत!"

"मग छत्तीस उलटे!"

ताई खिडकीत उभी होती. करकर थांबली. क्षणभर कुठलाच आवाज नव्हता, नुसती टाक्यांची खदखद. मग चाक पुन्हा करकरू लागले, या वेळी उलटे.

पुढचे सारे घाईचे झाले. पश्चिमेची झडप पुन्हा पुरती उघडली. पूर्वेकडे येणारे पाणी राखीव टाकीत वळवले. काका दोन माणसे घेऊन पूर्वेच्या नळावरची झाकणे एकामागून एक उघडत रस्त्याने निघाले. तेरा झाकणांखाली नेहमीचे करडे पाणी. चौदाव्याखाली निळसर हिरवी झाक. काकांनी बाटली भरून आणली, ताईने तपासली. तांबे. त्या गल्लीत धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवणारा एक कारखाना आहे. त्यांच्या एका हौदाला तडा गेला होता आणि चार दिवस तो मोरीत गळत होता. मालक हात जोडून म्हणाला, "पाणीच तर आहे, जाईल वाहून, असं वाटलं." काका म्हणाले, "वाहून जात नाही, मालक. आमच्याकडे येतं. आमच्याकडे जेवायला माणसं बसलेली असतात." संध्याकाळच्या आत हौद रिकामा झाला, मोरीचे तोंड बंद झाले.

नळ बदलणारी माणसे मात्र निघून गेली. पश्चिमेचे नळ अजून तेच आहेत, आणि एक तर गळतोही. त्या मंगळवारचा तोटा तेवढा झाला, तो लपवत नाही.

पूर्व टाकी एका दिवसात बरी झाली नाही. पश्चिमेचा निरोगी गाळ पंपाने तिच्यात सोडला, जुन्याचा काही भाग काढून टाकला. ताई रोज अकराला लाल दाण्यांचा थेंब ठेवी. बुधवारी शून्य. गुरुवारी शून्य. साहेब रोज दारात येऊन विचारत, "जेवल्या का?" ताई मान हलवी आणि ते परत जात. शनिवारीही शून्य. रविवारी सुट्टी असून तिघेही आले. घरी कोणाचाच पाय ठरत नव्हता.

"काका, तुम्ही बघा आज," ताई म्हणाली. "माझे डोळे दुखताहेत."

डोळे दुखत नव्हते. तिला भीती वाटत होती, हे मला माहीत आहे. दोनदा माझ्यापर्यंत वाकून ती डोळा न लावताच मागे सरली होती.

काकांनी डोळा लावला. साहेब त्यांच्या खांद्यावरून, काहीही दिसणार नाही हे ठाऊक असून, वाकले.

"फिरतेय," काका म्हणाले. "दाणे आले. तळाला आले... परत. परत गेले मेले. पुन्हा आले..." आणि एकदम त्यांनी टेबलावर थाप मारली. मी हाललो, चित्र हालले, घंटी टुणकन गुंडाळली गेली.

"काय झालं?" दोघे एकदम ओरडले.

"गिळला! पिशवी सुटली! मी पाहिली!"

"आणि तुम्ही टेबल हलवलंत!" ताई ओरडली.

"बाहेर येतेय परत. आली. पिशवी आहे आत, पोरी. आहे! निळी होतेय!"

त्या दिवशी कोणी जागचे हलले नाही. आळीपाळीने पाहिले. तासाभराने ताई पाहत असताना एक जुनी पिशवी फिरत फिरत नरसाळ्याच्या कडेपाशी गेली, चिकटली, उघडली, आणि चोथ्याचा लहानसा ढग बाहेर पडला. ताईने "गेलं!" म्हणून टाळी वाजवली. साहेबांनी नोंदवही मागितली. आम्लता, तापमान, ऑक्सिजन असे छापील रकाने होते. त्यांनी पट्टी ठेवून एक नवा रकाना आखला, वर लिहिले "जेवण", आणि खाली लिहिले, "एक".

पुढच्या महिन्यात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवले. "हा काय शब्द? काहीतरी शास्त्रीय लिहा. पेशीय भक्षण लिहा."

"त्याचा अर्थ विचारायला माणूस शोधावा लागतो," साहेब म्हणाले. "हा सगळ्यांना कळतो." रकाना तसाच राहिला. ताईची नोकरी त्याच तपासणीत पक्की झाली.

आता माझी जागा खिडकीशेजारच्या टेबलावर आहे. शाळेची मुले केंद्र पाहायला येतात, आधी नाक धरून, मग माझ्यापुढे रांग लावून. तुम्हीही याल तेव्हा दोनच गोष्टी करा. माझ्या भिंगाला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा महिनाभर निघत नाही. आणि घरी गेल्यावर रंगाचा उरलेला डबा, जुने औषध, डाग काढायचे आम्ल मोरीत ओतायला कोणी निघाले, तर त्याचा हात धरा. त्याला सांगा, की ही नळी जिथे संपते तिथे कोट्यवधी जीव या घटकेला तोंड उघडून बसले आहेत. त्यांना काय वाढायचे, ते तुम्ही ठरवता.